पूर्ण वाक्यात सांगा

आमच्या एश्बॉर्नच्या घरात भाकरी थापल्याचा आवाज थेट खालच्या मजल्यावर, फ्राऊ हेसच्या स्वयंपाकघरात उतरायचा. एकदा ती वर आली, बेल वाजवली आणि मला विचारलं, तुम्ही रोज सकाळी सहा वाजता भिंतीत खिळे ठोकता का? आईला जर्मन येत नव्हतं, पण तक्रारीचा सूर कुठल्याही भाषेतला कळतो. तिनं फ्राऊ हेसला हाताला धरून आत आणलं, परात दाखवली, एक भाकरी तिच्यादेखत थापली, तव्यावर टाकली, फुगवली, आणि खर्डा घालून तिच्या हातात ठेवली. फ्राऊ हेसच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी आलं, पण बाई जिद्दीची, तिनं ती संपवली. दुसऱ्या दिवशी आमच्या दारावर चिठ्ठी होती : 'खिळे सातनंतर ठोकावेत.' आईनं ती चिठ्ठी फ्रिजवर लावून ठेवली. जर्मनीत आम्हाला आलेला हा पहिला सरकारी कागद, असं अप्पा म्हणायचे. मला वाटतं, या देशात माझ्याबद्दल जे जे कागद लिहिले गेले, त्यातला शहाणपणाचा तेवढा एकच.

आता ही 'आई' कोण, ते आधी सांगते, कारण सगळा घोळ या शब्दातच आहे. इचलकरंजीत दोन बहिणी. थोरलीला मूल नव्हतं, धाकटीला तीन मुली झाल्या. तिसरी मी. माझ्या बारशाच्या दिवशी धाकटीनं मला उचललं आणि थोरलीच्या ओटीत घातलं. नुसतं म्हणायला नव्हे, खरोखरच पदर पसरून, खण, नारळ, तांदूळ, आणि त्यांच्यात मी. गल्लीतल्या चार बायका साक्षीला होत्या आणि मागं यंत्रमागांचा खडखडाट, जो आमच्याकडे कुणी मेलं तरी थांबत नाही. त्या दिवसापासून थोरली माझी आई झाली आणि जिनं जन्म दिला ती मावशी. मला बोलता यायला लागलं तेव्हापासून मी त्यांना त्याच नावांनी हाक मारली. मावशीनं स्वतःच मला तसं शिकवलं होतं. मी कधी चुकून तिच्या पदराला लोंबकळून 'आई' म्हटलं, तर ती माझी बोटं सोडवून म्हणायची, "आई तिकडं हाय बघ. मी मावशी." तिच्या आवाजात काही हललं असेल, तर मागांच्या आवाजात मला ते कधी ऐकू आलं नाही.

अप्पा, म्हणजे आईचे यजमान, आयटीआय झालेले टूलमेकर. पुण्याच्या कंपनीतून इथल्या मूळ कंपनीत मशीनं लावायला यायचे, आणि त्यांच्या हाताचं काम बघून इथल्यांनी त्यांना ठेवून घेतलं. आईचा व्हिसा झाला. माझा होईना. वकिलातीत खिडकीमागच्या माणसानं विचारलं, दत्तकाचा कोर्टाचा हुकूम कुठे आहे? अप्पा म्हणाले, ओटीत घातलीय. खिडकीमागच्या माणसानं पुन्हा विचारलं, हुकूम कुठे आहे? आमच्याकडे खण होता. आईनं तो जपून ठेवला होता, तेवढाच पुरावा. शेवटी मला मावशीची मुलगी, म्हणजे अप्पांची भाची दाखवून तीन महिन्यांच्या व्हिसावर आणलं. मी दहा वर्षांची होते. नव्वद दिवस संपले. एक्क्याण्णवाव्या दिवशी सकाळी आईनं नेहमीसारखी माझी वेणी घातली, डबा दिला आणि म्हणाली, "पळायचं न्हाई. तांबड्या दिव्याला रस्ता वलांडायचा न्हाई. कुणाशी भांडायचं न्हाई." त्या दिवसापासून पाच वर्षं मी पळाले नाही. शाळेच्या पटांगणात सगळी पोरं पळायची आणि मी चालायचे. खेळाच्या बाईंना वाटायचं मला दमा आहे.

शाळेनं मात्र मला घेतलं. कागद मागितला नाही, नाव विचारलं आणि बाक दिला. तेवढ्याबद्दल मी त्या शाळेचं ऋण मानते, बाकी कुणाचं मानत नाही. गणितात मी पहिली असायचे. घरी आई एश्बॉर्नच्या ऑफिसांतल्या मराठी लोकांना डबे करायची. तिच्या हाताची आमटी, तिचा इचलकरंजीहून आलेला कांदालसूण मसाला, शुक्रवारची थालीपिठं. पुण्या-मुंबईची आयटीतली माणसं होती ती, डबा घ्यायला दारात यायची आणि म्हणायची, "मावशी, अगदी घरची चव हं!" सगळ्यांत लाघवी मेधाताई. एका सॉफ्टवेअर कंपनीत मोठ्या हुद्द्यावर. तिच्या जुळ्या मुली शनिवारी आमच्याकडे असायच्या, मी त्यांना मराठी शिकवायचे. मी मराठीत विचारायचे, त्या जर्मनमध्ये उत्तर द्यायच्या. माझ्या व्हिसाचं मेधाताईला माहीत होतं. "आमच्या सुवर्णासारखी मुलगी शोधून सापडणार नाही," असं ती गणपतीत सगळ्यांसमोर म्हणायची. 'आमच्या.' हा शब्द मी नीट लक्षात ठेवला आहे.

पकडली गेले ती एस-बानमध्ये, म्हणजे इथल्या लोकल गाडीत. काही नाट्य नाही. महिना पालटला होता आणि मी जुनाच पास दाखवला. तपासनिसानं ओळखपत्र मागितलं, मी शाळेचं दिलं. त्याला दुसरं हवं होतं. पुढच्या स्टेशनवर दोन पोलीस, मग एक ऑफिस, मग दुसरं. प्रत्येक ठिकाणी मला पाणी विचारलं गेलं. पंधरा वर्षांच्या मुलीशी सगळे इतकं गोड बोलत होते की मला त्यांच्या टेबलावरचं सगळं खाली पाडावंसं वाटत होतं. आठवड्यानं हातात एक कागद आला, दुल्डुंग. या शब्दाचा अर्थ सहन करणं. हा परवाना नव्हताच. सरकार तुम्हाला तूर्त सहन करतंय, एवढंच त्यावर लिहिलेलं असतं. सहन मी करत होते, आणि शिक्का त्यांचा.

सल्लाकेंद्रात आम्हाला वकीलबाई भेटल्या, फ्राऊ याल्चिन. त्यांचे वडील तुर्कस्तानातून इथे कोळशाच्या खाणीत कामाला आले होते. त्या आईच्या हातचा चहा प्यायल्या आणि पाय मुडपून खुर्चीत बसल्या, तेव्हाच मला त्या आवडल्या. त्यांनी मला नीट समजावलं. इतकी वर्षं शाळेत चांगली शिकलेली मुलगी म्हणून तुला राहण्याचा परवाना मिळू शकतो. पण तू अल्पवयीन आहेस, अर्जावर तुझी सही चालत नाही. सही करणार कोण? कायद्यानं तुझे आईवडील इचलकरंजीत. म्हणून आधी कुटुंब न्यायालयात जायचं. न्यायालयानं म्हणायला हवं की ते आईवडील तिकडून तुझी जबाबदारी पार पाडू शकत नाहीत, आणि मग न्यायालयानंच इथे कुणाला तरी फॉरमुंट नेमायचं, म्हणजे पालक. ती सही लागली तर परवाना, नाहीतर विमान. "आणि पालक म्हणून तुझ्या टांटेला मागू," त्या म्हणाल्या. टांटे म्हणजे मावशी किंवा आत्या, काहीही. मी मान डोलावली. माझ्या डोक्यात त्या क्षणी टांटे म्हणजे कोण, याचा विचारच आला नाही.

अर्जाला एखाद्या शेजाऱ्याचं किंवा ओळखीच्याचं पत्र जोडलं तर बरं, असं याल्चिनबाईंनी सुचवलं होतं. या मुलीचं इथे पोटच्या पोरीसारखं होतंय, मी बघितलंय, एवढ्या दोन ओळी. आई आणि मी मेधाताईकडे गेलो. आईनं जाताना पुरणपोळ्या नेल्या. मेधाताईनं डबा घेतला, उघडून वास घेतला, वा म्हणाली, आणि आम्ही विषय काढल्यावर तिचा आवाज ऑफिसातला झाला. "अहो, मी नक्की केलं असतं. पण आमचं निडरलासुंग पेंडिंग आहे ना. कायमचा परवाना म्हणजे ते सगळं चेक करतात. उगाच आमचं नाव कुठे यायला नको. आल्झो, म्हणजे तुम्ही समजून घ्या." आई म्हणाली, "व्हय, समजलं." जिन्यात उतरताना मी म्हटलं, पोळ्या परत मागून आण. आई म्हणाली, "खाऊ दे गं. त्यात तिच्या लेकी बी खातील." त्या शनिवारपासून मी तिच्या लेकींना शिकवलं नाही. पत्र दिलं शेवटी फ्राऊ हेसनं. तिनं लिहिलं होतं की वरच्या मजल्यावरची मुलगी जिन्यात नमस्कार करते, आणि तिच्यासाठी रोज सकाळी सातनंतर ताजी भाकरी केली जाते, हे मी स्वतः ऐकते. पुढे कुणा समारंभात मेधाताई भेटली, "आमची सुवर्णा इंजिनिअर झाली!" म्हणून मिठी मारायला आली. मी हात पाठीमागे बांधून उभी राहिले. याबद्दल मला कुणी खडूस म्हटलं तर म्हणावं.

पहिल्या तारखेला कोर्टाच्या लांब कॉरिडॉरमध्ये मुलंच मुलं बसली होती. त्या हिवाळ्यात सिरियातून, अफगाणिस्तानातून एकटी आलेली. कुणाशेजारी दुभाषी, कुणाशेजारी फक्त जॅकेट. माझ्याशेजारी आई होती, डबा घेऊन. न्यायाधीशबाईंना माझ्याशी एकटीशी बोलायचं होतं. खोलीत त्या, सरकारच्या बालविभागाचे हेर ब्रांट, आणि कोपऱ्यात याल्चिनबाई. मला सफरचंदाचा रस दिला. माझं जर्मन चांगलं आहे म्हणाल्या. मग हसून त्यांनी विचारलं,

"आईशी तुझं शेवटचं बोलणं कधी झालं?"

"आज सकाळी," मी म्हणाले.

"हो? काय बोललात?"

"छत्री घे म्हणाली. आणि डब्यात मेथी आहे, तोंड वाकडं करू नकोस."

याल्चिनबाईंनी मान वर केली. न्यायाधीशबाई लिहीत होत्या. "म्हणजे रोज बोलणं होतं?"

"अर्थात. रोज."

"आणि टांटेशी?"

"रविवारी. फोनवर."

हेर ब्रांटनी चष्मा काढला. "पण तुझी टांटे तर बाहेर बाकावर बसली आहे."

इतकं होईपर्यंत मला कळलं नव्हतं. जर्मन माझ्या तोंडात होतं, पण नाती मराठीत होती. ज्यांना जी नावं मी जन्मभर दिली, तीच मी खरेपणानं सांगत होते. मी समजावू लागले. ओटीत घातलं म्हणजे काय ते जर्मनमध्ये सांगू लागले. पदर पसरला. त्याच्यात ठेवलं. मांडीवर. नारळ. मी जितकं बोलत गेले तितकं ते वाईट दिसत गेलं. हेर ब्रांट शांतपणे म्हणाले की विधानं परस्परविरोधी आहेत : एकतर बाहेरची बाई खरी आई आहे, मग व्हिसाच्या वेळचे कागद खोटे, नाहीतर ती आई नाही, मग या मुलीला तसं म्हणायला कोणी शिकवलं? आणि खरी आई फोनवर रोज सापडत असेल, तर पालक नेमायची गरजच काय? तिच्याकडेच पाठवावं. 'शिकवलं' या शब्दावर माझ्या कानशिलांत रक्त चढलं. हो साहेब, शिकवलं. जिनं जन्म दिला तिनंच शिकवलं, स्वतःच्या छातीवर दगड ठेवून. पण हे मी तिथं बोलले नाही. पळायचं नाही, भांडायचं नाही. मी रस संपवला. तारीख तीन आठवडे पुढे गेली. दोन्ही बायकांनी आपापलं कोण ते स्पष्ट सांगावं, असा आदेश झाला.

रविवारी फोन लावला. स्पीकरवर मागांचा खडखडाट आला आणि त्यातून मावशीचा आवाज. अप्पांनी तिला सगळं सांगितलं. कागदावर लिहून, नोटरी करून पाठवायचं : मी सुवर्णाची आई आहे, मी तिला सांभाळू शकत नाही.

"काय म्हणून लिहू?" मावशी ओरडून विचारत होती, कारण मागांत तसंच बोलावं लागतं.

"आई म्हणून."

खडखडाट.

"मी तो शबुद बारशालाच दिऊन टाकलाय, भावजी. दिल्याली वस्तू परत घेत न्हाईत. आक्काला इचारा, आक्काला चालंल का?"

आई पीठ मळत होती. तिनं मागं न बघता मोठ्यानं सांगितलं, "लिही गं बाई. पोरीचं काम हाय. शबुद काय झिजतो व्हय?"

मावशीनं लिहून पाठवलं. तिला सहीपुरतंच लिहिता यायचं, मजकूर कुणाकडून तरी टाइप करून घेतला होता. सही करताना नावाखाली तिनं हातानं एक शब्द घातला होता, तोही चुकीचा, दीर्घ ई ऐवजी ऱ्हस्व : 'आइ'. लिहायची सवय नव्हती तिला त्या शब्दाची.

दुसऱ्या तारखेला सगळ्यांना एकत्र बसवलं. दुभाषी हिंदीचा होता, मराठीचा मिळाला नाही म्हणे. सभ्य गृहस्थ, टाय लावलेले. आईची हिंदी म्हणजे मराठीला 'है' लावायचं, तेवढीच. न्यायाधीशबाईंनी विचारलं, आपण या मुलीच्या आई आहात का? दुभाष्यानं हिंदीत विचारलं. आईनं माझ्याकडे पाहिलं. मी टेबलाकडे पाहिलं. आई म्हणाली, "मौसी."

न्यायाधीशबाई नम्रपणे म्हणाल्या, "नोंदीसाठी आवश्यक आहे. कृपया पूर्ण वाक्यात सांगा."

घरात आई कधी 'नाही' म्हणत नाही, 'न्हाई' म्हणते. सातवीपर्यंत शिकलेली ती. पण त्या दिवशी ती उभी राहिली, पदर खांद्यावरून पुढे घेतला, आणि शाळेत बाईंनी उभं केल्यासारखं, एकेक शब्द सुटा करून, मराठीतच म्हणाली :

"मी. तिची. आई. नाही."

दुभाष्याला भाषांतर करावं लागलं नाही. निदान मला तरी आठवत नाही. टाइप करणाऱ्या बाईची बोटं हलली, आणि ते कागदावर गेलं. मग माझी पाळी. मीही सांगितलं, पूर्ण वाक्यात, उत्तम जर्मनमध्ये : ही माझी टांटे आहे. माझं व्याकरण बिनचूक होतं. आईला तेवढं जर्मन कळत होतं.

लोक मला आजही सांगतात, अगं, निकाल तर तुझ्याच बाजूनं लागला ना? लागला. इचलकरंजीच्या आईवडिलांचे अधिकार स्थगित, टांटेची पालक म्हणून नेमणूक. तसं प्रमाणपत्र टपालानं आलं, त्याच्या जोरावर आईनं अर्जावर सही केली, वाटोळी, ठसठशीत, आणि काही महिन्यांनी माझं परवान्याचं कार्ड आलं. न्यायाधीशबाई वाईट नव्हत्या. कायदा वाईट होता असंही मी म्हणणार नाही. कॉरिडॉरमधल्या त्या एकट्या पोरांना त्याच कायद्यानं कुणीतरी दिलं असेल. माझा राग सोपा आहे आणि तो मी जपून ठेवला आहे. जी बाई पंधरा वर्षं माझी आई होती, तिला माझी पालक होण्यासाठी आधी शपथेसारखं सांगावं लागलं की ती माझी आई नाही, आणि सगळ्यांनी त्याला औपचारिकता म्हटलं. वर तिला पाणी विचारलं.

त्या दुपारी परतताना मी एस-बानमध्ये म्हटलं, "आई, खिडकीपाशी बस." तिनं माझा हात दाबला. इकडेतिकडे पाहिलं. डब्यात तीन जर्मन म्हातारे आणि एक सायकल होती. हळूच म्हणाली, "मावशी म्हण गं भाईर. कुणी ऐकलं म्हंजे? ल्हिऊन घेतलंय त्यांनी." मी तिला किती समजावलं. कुणाला मराठी कळत नाही, कोर्टाची माणसं एस-बानमध्ये बसत नाहीत, आणि कळलं तरी आता काही होत नाही. ती म्हणाली, "तुझं शिक्षण व्हऊ दे." अडीच वर्षं मी तिला घराबाहेर मावशी म्हटलं. दुकानात, डॉक्टरकडे, शाळेच्या पालकसभेत. घरात आलं की दार लावून ती आधी चपला काढायची आणि मग म्हणायची, "हं, बोल आता." मी अठरा वर्षांची झाले त्या आठवड्यात कोर्टाचं पत्र आलं : पालकत्व कायद्यानं संपलं आहे, कृपया प्रमाणपत्र परत पाठवावं. तेही त्यांना परत हवं होतं. आईनं ते प्लास्टिकच्या पिशवीतून, खणाशेजारून काढून दिलं. खण मात्र कुणी मागितला नाही.

मी येना शहरात कॉलेजला गेले. भिंगांचं शिक्षण घेतलं. वस्तूकडून निघालेला किरण कुठे वळतो, कुठे फुटतो, प्रतिमा उलटी का पडते, हे सगळं आता मला गणितानं मांडता येतं. आमच्या घराण्यात, दोन्ही बहिणींच्या मिळून, कॉलेजची पायरी चढलेली मी पहिली, आणि हे मी विनयानं वगैरे सांगत नाही, छाती पुढे काढून सांगते. पदवीच्या कार्यक्रमाला आई आणि अप्पा पहाटेची भाकरी बांधून गाडीनं आले. फोनवर मावशी होती, तिनं मुद्दाम माग बंद करवून घेतला होता, अर्धा तास, मालकाशी भांडून. सभागृह भरलेलं होतं. प्राध्यापक, पोरं, त्यांचे आईबाप, फुलं. मी झग्यासकट पळत खाली आले. हो, पळत. दारापाशी आई पाठमोरी उभी होती, अप्पांचा कोट सारखा करत. मी तिथूनच, सगळ्या येनाला ऐकू जाईल अशी हाक मारली :

"आई!"

ती वळली. मला पाहिलं. आणि ओ देण्याआधी, इतक्या वर्षांनी, त्या भरल्या सभागृहात जिथे एकालाही मराठी येत नव्हतं, तिनं आधी उजवीकडे पाहिलं, मग डावीकडे.

मग म्हणाली, "ओ."